टोपकराची राखण

१

राखणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टोप जागेवर नव्हता.

काचेचं कपाट बंद होतं. आत लाल फडकं नीट अंथरलेलं. पुढ्यात मांडलेला पाव तसाच, मेणबत्ती जळून बशीला चिकटलेली, पेल्यातली दारू पेल्यात. सगळं होतं, फक्त तो नव्हता.

मुंबईत नाहूरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून काशीराम खारवणकरांनी हाक घातली. ओरडणं नव्हे ते. गुरं हरवलेला माणूस रानाच्या तोंडाशी उभा राहून घालतो तशी लांब, उतरत जाणारी हाक. दुसऱ्या मजल्यावर माणिकच्या हातातला चहा तिथंच थांबला.

माणिक विमा कंपनीची सर्व्हेअर होती. उभा जन्म जळालेली गोदामं आणि बुडालेली तळघरं बघत हिंडली. आग आपोआप लागली की लावली, हे राखेला विचारायचं तिचं काम. गेल्या वर्षी निवृत्त झाली, पण विचारायची खोड काही गेली नाही.

ती वर पोचली तेव्हा काशीरामांचा भाचा सिद्धेश कपाटापाशी उभा होता आणि सून रत्नप्रभा स्वयंपाकघराच्या दारात. काशीराम जमिनीवर बसले होते, हात मांडीवर उताणे.

"काका, उठा. इन्सुलिन घेतलंत?" माणिकनं विचारलं.

"नको," काशीराम म्हणाले. "माका आता काय्येक नको. तो परत येयसर पाण्याचो थेंब नको."

"बाबा, असं नका ना करू," रत्नप्रभा म्हणाली.

"तो गेलो, तर माझ्या झिलाक कोण राखतलो?"

त्यांचा झील, मुलगा, नितेश, जहाजावर इंजिनात कामाला. जहाजाचा मालक पळून गेला, त्याला आता दोन वर्षं व्हायला आली. जहाज कुठल्याशा परक्या बंदराबाहेर नांगरून पडलंय; वर झेंडा तिसऱ्याच देशाचा, आणि तो देश फोन उचलत नाही. बाकीचे एकेक करून सुटले. नितेशला बंदरानं सांगितलं, बदली माणूस येईपर्यंत बोट सोडायची नाही.

काशीरामांनी डोळे मिटून घेतले होते. जेवणार नाही म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांचा माणिकला अनुभव होता; संध्याकाळपर्यंत उतरतात. पण रागावलेला माणूस आणि निघून चाललेला माणूस यांच्या चेहऱ्यात फरक असतो. हा चेहरा निघालेल्याचा होता.

२

टोप म्हणजे लोखंडी शिरस्त्राण. गंजानं तांबूस-काळं झालेलं, जड. खारवण हे कोकणातलं त्यांचं गाव, खाडीच्या मुखावरचं चिमुकलं बंदर. कधीकाळी तिथल्या नायकानं सुलतानाच्या गलबतांना भिऊन पोर्तुगालच्या राजाचा आसरा घेतला. राजानं समुद्रापलीकडून झेंडा धाडला, मूठभर शिपाई धाडले, आणि म्हणाला, आजपासून खारवण माझ्या छत्राखाली. चार-पाच पावसाळे ते छत्र टिकलं. मग शिपाई गेले, झेंडा गेला. वेशीवर उभा केलेला एक पहारेकरी तेवढा मागं राहिला. तिथंच तापानं मेला. गावानं त्याला जाळलं का पुरलं, कुणाला आठवत नाही. पण त्याला राखणदार केलं. गावाचा, बंदराचा, समुद्रावर गेलेल्यांचा. नाव टोपकर.

तेव्हापासून माघातल्या अवसेला त्याची राखण. इतर राखणदारांना देतात तसा कोंबडा, वडे, गावठी; आणि हा परका म्हणून पाव आणि मेणबत्ती. काशीरामांचे वडील गिरणीत लागले तेव्हा ट्रंकेत धोतरांच्या घडीत टोप मुंबईला आला. सोसायटीचे सेक्रेटरी दर वर्षी कुरकुरत, आणि रात्री वड्यांची ताटली गेली की गप्प होत.

खारवणच्या बायका जात्यावर म्हणत:

समुद्राच्या काठी बाई, कोण उभा एकला,
राजानं धाडिला गं, राजाच विसरला.

"काका, काल रात्री काय ऐकलंत?" माणिकनं विचारलं.

"काय्येक नाय. ताच तर." त्यांचा आवाज फार हळू होता. "रोज रात्री तो चलता. दारापासून खिडकीपर्यंत. खिडकीत थांबता, गलबत इला काय बघता, मागं येता. काल चाललो नाय."

माणिकच्या छतावरही कित्येक वर्षं रोज पावलं वाजत. म्हाताऱ्याला झोप नसेल, असं ती समजायची. काशीराम तर गुडघ्यानं अधू, रात्री अंथरुणावरून हलत नाहीत, हे तिला आज पहिल्यांदाच जाणवलं. आणि काल वर शांत होतं, हेही.

तिनं कपाट उघडलं. कडी शाबूत, काचेवर ओरखडा नाही. फडकं मधोमध जरा उंच वाटलं, म्हणून कोपरा उचलला. खाली एक सुपारी होती आणि चिमूटभर अक्षता.

तिनं फडकं होतं तसं टाकलं. मागं बघितलं. काशीरामांचे डोळे मिटलेलेच होते.

देवघराला रंग द्यायचा असला की माणिकची आईसुद्धा हेच करायची. देव हलवला तर जागा रिकामी ठेवत नाहीत. सुपारी मांडतात, सांगतात, ही तुझीच जागा.

ज्यानं टोप नेला, त्यानं नेण्याआधी टोपकराची परवानगी घेतली होती.

३

"मला विचारू नकोस, सिद्धेशला विचार," खालच्या मजल्यावरचे लोक संध्याकाळपर्यंत माणिकला म्हणायला लागले होते. सिद्धेश लहानपणापासून मामाकडे वाढलेला, कामाला सिनेमावाल्यांकडे. तलवारी, सिंहासनं, खोट्या तोफा पुरवायचा. गेल्या महिन्यात त्यानं टोपाचे फोटो काढले होते, सुतळीनं मापंही घेतली होती.

दुसऱ्या दिवशी माणिक वर्सोव्याच्या तरीतून मढला गेली. शूटिंगला दिलेल्या बंगल्याच्या अंगणात नारळांना बांधलेले दिवे, खाटेवर झोपलेला सैनिक, आणि व्हरांड्यातल्या टेबलावर, उन्हात, टोप.

तोच. तोच गंज, कपाळावरचा तोच खोल घाव.

माणिकनं दोन्ही हातांनी उचलायला घेतला आणि तोल जाऊन मागं सरली. टोप पापुद्र्यासारखा हलका होता.

"फायबर आहे, मावशी." सिद्धेश मागं येऊन उभा राहिला. रात्रभर झोपला नसावा. "साकीनाक्याला करून घेतला. झकास झालाय ना? माझीच वाट लावली त्यानं."

"कशाला केलास?"

"ते खारवणचा इतिहास लिहिणारे विद्याधर सर, त्यांना प्रदर्शनात मांडायला टोप हवा होता. मामा द्यायला हो म्हणाला होता गं, पण तोंड बघवत नव्हतं त्याचं. म्हटलं, अस्सल घरात राहू दे, नक्कल देऊ. डायरेक्टरनं बघितला, म्हणाला आधी माझा सीन. आता सगळे म्हणतात, सिद्ध्यानं विकला."

माणिकनं खोटा टोप टेबलावर ठेवला. "तू नाही नेलास."

"कशावरून?" तो जरा हसला. "वकिली नको करूस उगाच."

"तुझ्याकडे नक्कल तयार होती. चोरायचा असता तर हा कपाटात ठेवला असतास, तो उचलला असतास. कपाट वर्षातून एकदा उघडतं. पुढच्या माघापर्यंत कुणाला पत्ता नसता."

सिद्धेश खाली बघत राहिला. मग शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं, मोठ्या माणसानं पुसू नये तसं.

"राखणीच्या जेवणाला कोण कोण होतं?"

"आम्ही तिघं आणि सर. सर टोपकराची गोष्ट सांगत होते. मामा डोळे मिटून ऐकत होता, गावात गेल्यासारखा. वहिनी वाढत होती. मध्येच तिच्या हातातून रश्श्याची पळी पडली, सरांचा सदरा रंगला. लई हसलो."

"रत्ना हसली?"

त्याला आठवावं लागलं. "नाही. ती आत गेली. मग सेक्रेटरींकडची वड्यांची ताटली माझ्याकडून पाठवली."

४

मुलुंडला विद्याधर सरांनी दार उघडलं ते भांडणाच्या तयारीनं. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. खारवणच्या त्या विसरलेल्या छत्रावर त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं होतं.

"माणिकबाई, घर तपासायचं तर तपासा. माळ्यावर चढा."

"तुम्हाला तो मिळणारच होता, सर. मिळणारी गोष्ट कुणी चोरत नाही. मी दुसऱ्याच कामाला आलेय. तुमच्या सदऱ्यावर रस्सा सांडला तेव्हा तुम्ही काय सांगत होतात?"

हा प्रश्न त्यांच्या तयारीत नव्हता.

"बसा," ते म्हणाले. "काय सांगत होतो... शेवट सांगत होतो. लोकांना वाटतं, युद्ध झालं, हरले आणि गेले. तसं काही झालं नाही. तिकडे राजानं दुसऱ्या कुणाशी तह केला आणि खारवण वाटाघाटीत सोडून दिलं. जसं आपण जिन्याखालची जुनी खुर्ची सोडतो. गलबत आलं, किनाऱ्यावरचे शिपाई चढले, निघालं. वेशीवरचा लांब होता. त्याला बोलवायला कुणी गेलं नाही."

"आणि तो?"

"तो थांबला. पहाऱ्याचा नियम असतो ना, बदली येईपर्यंत जागा सोडायची नाही. गावात सांगतात, तापात सुद्धा एकच विचारायचा, बदली आली का. मी म्हणालो, काशीराम, आपण ह्याला राखणदार म्हणतो, पण खरं बघाल तर हा अडकलेला माणूस आहे. आपणच दर वर्षी पाव देऊन त्याला अजून एक वर्ष उभा करतो." सरांनी चष्मा काढला. "तेव्हाच पळी पडली बहुतेक. हो. तेव्हाच."

बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सरांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला.

"मी भलतंच काही बोललो का हो?"

"खरं बोललात," माणिक म्हणाली. "फक्त कोणासमोर बोलतोय ते बघितलं नाहीत."

फोन वाजला. सिद्धेश होता. डॉक्टर येऊन गेले होते. आज तिन्हीसांजेपर्यंत मामानं काही पोटात घेतलं नाही, तर उचलून दवाखान्यात न्या म्हणाले. आणि मामा म्हणतोय, मला दाराबाहेर काढलंत तर जिन्यातच प्राण सोडीन.

५

रत्नप्रभा ओट्याशी उभी होती. पातेल्यात पेज शिजत होती. काशीरामांसाठी सकाळपासून तिसऱ्यांदा.

"परवा रात्री, जेवणं झाल्यावर, तू खाली आली होतीस," माणिक म्हणाली. "वाटी घेऊन. विरजण मागायला."

"हो. देते परत, ताई. राहूनच गेलं."

"परत नको गं. वीस वर्षं झाली मला इथं. या घरात विरजण संपलेलं मी कधी बघितलं नाही. मीच येते मागायला. राखणीच्या दिवशी तर कोंबडा, दह्याला कुणी हात लावत नाही. मग भांडंभर दही गेलं कुठं?"

रत्नप्रभानं गॅस बारीक केला.

"गणपती निघाला की त्याच्याबरोबर शिदोरी देतो आपण," माणिक म्हणाली. "लांबच्या वाटेवर दहीभात. चोर कपाटातून वस्तू उचलतो. जागेवर सुपारी ठेवून, दहीभात कालवून जो नेतो, तो चोरत नाही. तो बोळवण करतो. सिद्धेशला बोळवायचं कारण नव्हतं. काकांना तर तो हवाच आहे. बदलीवाचून कुठं कोण अडकलंय हे ऐकून हातातली पळी पडावी, असं या घरात एकच माणूस आहे."

रत्नप्रभानं पेज एकदा ढवळली.

"मला वाटलं ओरडतील," रत्नप्रभा म्हणाली. "घराबाहेर काढतील. उपाशी राहतील असं नव्हतं वाटलं, ताई."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? राखण देणाऱ्यानं हाक मारली की तो येतो. कुठूनही येतो. खाडीकाठी जाऊन बाबांनी एक हाक घातली असती आणि तो परत फिरला असता." तिनं पदरानं भांडं उतरवलं. "सर बोलले आणि मला वाटलं, आमचा माणूस तिकडे बदलीसाठी खोळंबलाय आणि आम्ही इकडे दुसऱ्या कोणाचा माणूस अडकवून ठेवलाय. त्याचीही कुणी असेल ना वाट बघणारी? मेली असेल, पण बघत असेल. तिची हाय लागतेय आम्हाला. तिचा सोडल्याशिवाय माझा कसा सुटेल?"

"कुठं सोडलास?"

"भांडुपच्या मिठागरापलीकडे, खाडीत. उजाडायच्या आत."

"कोणी सोडलो?"

दोघी वळल्या. काशीराम दाराच्या चौकटीला धरून उभे होते. अंगातलं पाणी गेल्यासारखे, पंचासुद्धा सैल झालेला. दोन दिवसांत न उठलेला माणूस भिंतीला धरत इथवर आला होता.

"बाबा..."

"तूच ना?"

"मीच."

माणिक पुढं झाली, पण त्यांनी हातानं थांबवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वेकडे मिठागरांचा फिकट पट्टा दिसे आणि त्यामागं खाडी. काशीराम खिडकीशी गेले. गज धरले. त्यांची छाती भरून आली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. रत्नप्रभानं दोन्ही हात तोंडावर दाबले. काल सकाळी त्या इमारतीनं ऐकली तशी हाक आता निघणार होती, आणि ती निघाली तर पाण्याखालचा तो वळणार होता, हे त्या क्षणी माणिकलाही खरं वाटलं.

श्वास तसाच कोंडलेला राहिला.

"भरती होती काय ओहोटी?" त्यांनी विचारलं.

"ओहोटी. बघूनच गेले होते."

"बुडलो?"

"नाही, लगेच नाही. उताणा केला, आत शिदोरी ठेवली. होडीसारखा झाला, बाबा. तरंगत गेला. पाणी ओढत होतं त्याला, आणि तो... जायचीच घाई असल्यासारखा. मी मागं वळून नाही बघितलं. पण चिखलातून येताना बाजूनं कुणीतरी पळत गेल्यासारखं वाटलं. पाण्याकडे."

काशीरामांनी कोंडलेला श्वास सोडला. हळूहळू, आवाज न करता. गजांवरची बोटं एकेक करून सुटली.

"माझ्या बापाशीन त्याका पाव दिलो, आज्यान दिलो," ते म्हणाले. "आमी इचारला नाय कधी, तुका घराक जावचा आसा काय. कोणीच इचारला नाय."

रत्नप्रभानं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी तांब्या घेतला. दोन घोट प्याले, थांबले, अजून प्याले. मग पेजेकडे बोट केलं. माणिक सिद्धेशला फोन करायला बाहेर गेली.

ती परत आली तेव्हा तिन्हीसांज झाली होती. काशीरामांनी खुर्ची ओढत उंबऱ्याशी नेली होती. दार सताड उघडं. गुडघ्यांवर चादर घेऊन ते जिन्याकडे तोंड करून बसले होते, पाठ ताठ.

"काका, आत चला. वारं लागेल."

"लागू दे. घराक राखणदार नाय आता." त्यांनी चादर नीट केली. "रत्ना, दिवो लाव आणि जरा पड जा तू. नितेश येयसर आजपासून माझी पाळी."

रत्नप्रभानं दिवा लावला. पण पडायला गेली नाही. पाट आणला आणि त्यांच्या खुर्चीशेजारी, उंबऱ्याच्या आत, बसून राहिली.